निरोपाच्या पत्रासोबत आलेली सहा सत्रं: कशी वापरावीत, कुठे कमी पडतात

नोकरीवरून कमी केल्याचं पत्र ज्या पाकिटात येतं, त्यात हल्ली बऱ्याचदा आणखी एक कागद असतो: ‘कर्मचारी सहाय्य योजने’तून समुपदेशनाची ठरावीक सत्रं, फोनवर किंवा व्हिडिओवर, खर्च कंपनीचा. कुठे तीन, कुठे आठ, पण सहा हा आकडा वारंवार दिसतो. बरेच जण तो कागद हिशेबाच्या कागदांखाली सारून देतात. उरलेल्यांपैकी काही जण पहिल्या तीन आठवड्यांत सगळी सत्रं संपवून मोकळे होतात. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कुठल्या एका पुरवठादाराचं नाही. पाट्या वेगळ्या असल्या तरी आतली बांधणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते.

निकाल आधीच सांगून टाकतो. सेवा जरूर घ्यावी. पाचपैकी साडेतीन गुण. कापलेले दीड गुण समुपदेशकांच्या कौशल्यापेक्षा सेवेच्या घड्याळासाठी आहेत. ही सेवा ज्या त्रासासाठी दिली जाते त्याचं वेळापत्रक एक, आणि सेवेच्या मुदतीचं वेळापत्रक दुसरंच.

त्या त्रासाचं नाव समायोजन विकार. एखाद्या ठळक ताणाच्या घटनेनंतर माणूस सावरत नाही, तोच विचार डोक्यात घोळत राहतो आणि झोप, घरातलं वागणं, पैशांचे निर्णय, नवं काम शोधणं यांपैकी काहीतरी कोलमडतं. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे आजारांचं वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यानुसार लक्षणं सहसा घटनेनंतर महिन्याभरात दिसू लागतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेत ही मर्यादा तीन महिन्यांची आहे. तिथे पुढे असंही म्हटलंय, की ताण आणि त्याचे परिणाम संपल्यानंतर लक्षणं सहा महिन्यांपलीकडे टिकत नाहीत. मेख ‘परिणाम’ या शब्दात आहे. नोकरी जाण्याची घटना एका दिवसाची असते. परिणाम मात्र थकलेले हप्ते, मुलाखतींतले नकार, नातेवाइकांचे प्रश्न असे चालूच राहतात. म्हणजे ‘सहा महिन्यांत आपोआप बरं होतं’ हे जे सर्रास सांगितलं जातं, त्यातले सहा महिने पत्राच्या तारखेपासून मोजायचे नसतात.

सेवेची मुदत मात्र शेवटच्या कामाच्या दिवसापासून धावू लागते, आणि कधी महिन्या-दोन महिन्यांतच संपते. पहिले काही आठवडे अनेकांना बरेही जातात. पहाटेचा अलार्म नाही, देणी मिळालेली असतात, राहून गेलेली कामं उरकतात. खरी घसरण पुढे येते. ओळखीच्यांकडून आलेली आश्वासनं विरतात, पाठवलेल्या अर्जांना उत्तरं येत नाहीत, बँकेतली शिल्लक उतरताना दिसते. तोवर सेवा वापरण्यासाठी दिलेला संकेतांक (कोड) बंद झालेला असतो. म्हणून कागद हातात येताच त्यावर दोन गोष्टी शोधाव्यात: सत्रं किती, आणि शेवटचं सत्र कोणत्या तारखेपर्यंत घेता येतं. तारीख लिहिलेली नसेल तर ईमेलवर लेखी विचारून घ्यावी. मुदतवाढ मागितली तर कधी कधी मिळते, पण निरोपाच्या वाटाघाटी चालू असतानाच. नंतर विचारायला माणूस सापडत नाही.

दुसरी गफलत फारच साधी आहे आणि तितकीच त्रासदायक. नोंदणी ऑफिसच्या ईमेलवरून केलेली असते. शेवटच्या संध्याकाळी लॅपटॉप परत जातो, ईमेल बंद होतो आणि सत्रांचे दुवे त्याच्यासोबत जातात. शेवटच्या दिवसाआधी स्वतःच्या ईमेलने आणि स्वतःच्या फोन नंबरने नोंदणी करावी, संकेतांक कागदावर उतरवून ठेवावा. गोपनीयतेचं विचाराल तर अशा योजनांत कंपनीला सहसा किती जणांनी सेवा वापरली एवढा एकत्रित आकडा जातो, नावं आणि मजकूर जात नाही. तरीही पहिल्याच फोनवर थेट विचारावं: माझ्याबद्दल कंपनीला काय कळवलं जातं, नोंदी कोण पाहू शकतं, किती काळ ठेवल्या जातात? जिवाला धोका असेल तेव्हा गोपनीयतेला अपवाद असतो. तो अपवाद समुपदेशकाने स्वतःहून आणि स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. चांगल्या सेवेची ती पहिली खूण.

पहिलं सत्र ४५ ते ५० मिनिटांचं असायला हवं. ‘प्राथमिक संवाद’ या नावाखाली २० मिनिटांचा फोन सत्रांत मोजला जात असेल तर हरकत घ्यावी. या सत्रात बहुतेक ठिकाणी दोन प्रश्नावल्या भरून घेतात. पीएचक्यू-९ मध्ये उदासीबद्दलचे नऊ प्रश्न आणि ० ते २७ गुण, जीएडी-७ मध्ये चिंतेबद्दलचे सात प्रश्न आणि ० ते २१ गुण. दोन्ही गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, आणि दोन्हीत १० किंवा त्याहून मोठा आकडा नीट तपासणीची गरज दाखवतो. या प्रश्नावल्या समायोजन विकार ओळखत नाहीत. त्या त्रासाची तीव्रता मोजतात. विकार ओळखायचा तर तारखा लागतात: पत्र कधी मिळालं, कुणकुण कधी लागली होती, झोप कधी बिघडली, याआधी कधी नैराश्य आलं होतं का, दारू किंवा गोळ्यांचं प्रमाण वाढलंय का. ज्या समुपदेशकाने तारखा विचारल्याच नाहीत, त्याने मोजमाप केलं पण निदानाकडे पाहिलंच नाही.

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. एक चूक म्हणजे ‘नोकरी गेल्यावर असं होणारच’ म्हणत खऱ्या नैराश्याकडे दुर्लक्ष होणं. डीएसएम-५ प्रमाणे नऊपैकी पाच लक्षणं दोन आठवडे टिकली, आणि त्यांत उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक असेल, तर ते नैराश्य ठरू शकतं. मग कारण नोकरी जाण्याचं असलं तरी समायोजन विकाराचं लेबल लागत नाही आणि उपचारही बदलतात. उलट चूक म्हणजे दुःखालाच आजार ठरवणं. दोन आठवडे वाईट वाटलं, भूक मंदावली, पण माणूस उठतोय, बोलतोय, कामाला लागतोय, तर त्याला कुठलंही नाव देण्याची घाई नको. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्याहून जास्त असेल तर समुपदेशकाने त्याच सत्रात थांबून त्याबद्दल सविस्तर विचारलंच पाहिजे. समायोजन विकार ‘सौम्य’ गटात टाकला जातो खरा, पण आत्महत्येचे विचार त्यातही येतात आणि कधी अचानक येतात. असे विचार योजनेपर्यंत पोहोचले असतील, सकाळपासून दारू लागत असेल, आवाज ऐकू येत असतील, तर पुढच्या आठवड्याच्या सत्राची वाट पाहू नये. मानसोपचारतज्ज्ञ, जवळचं रुग्णालय किंवा आपत्कालीन सेवा त्याच दिवशी गाठावी. सहा सत्रांची सेवा यासाठी बनलेलीच नाही.

या सेवेचा खरा कस दुसऱ्या ते चौथ्या सत्रात लागतो. तिथे वापरायची सगळ्यात उपयोगी पद्धत म्हणजे समस्या-निराकरण उपचार. १९७१ मध्ये डिझुरिला आणि गोल्डफ्राइड या मानसशास्त्रज्ञांनी मांडणी केलेली ही पद्धत ऐकायला अगदी बाळबोध वाटते: समस्या नेमकी मांडा, पर्याय काढा, निवडा, करून बघा, तपासा. सगळं अडतं ते पहिल्या पायरीवर. ‘माझी नोकरी गेली’ ही समस्या म्हणून लिहिली तर तिच्यावर काहीच करता येत नाही. तिचे तुकडे पाडावे लागतात. ‘तिसऱ्या महिन्यापासून हप्ता भरायला पैसे अपुरे पडतील’ ही समस्या आहे. ‘घरी अजून सांगितलेलं नाही’ ही दुसरी. ‘रात्री दोनला जाग येते आणि मग मी नोकऱ्यांच्या जाहिराती चाळत बसतो’ ही तिसरी. प्रत्येकीसमोर आपल्या हातात किती, थोडं हातात किती, मुळीच नाही किती, हे लिहायचं. मग एकाच समस्येवर किमान आठ-दहा पर्याय काढायचे, न गाळता, वेडगळ वाटणारेही. निवडताना वेळ, मेहनत आणि घरच्यांवर होणारा परिणाम पाहायचा. शेवटी पुढच्या सत्राआधी होणारी एकच छोटी कृती, वार आणि वेळेसकट. हप्त्याच्या बाबतीत ती ‘आर्थिक नियोजन करणे’ अशी नसावी, ‘मंगळवारी अकरा वाजता बँकेत फोन करून हप्ता पुढे ढकलण्याचे नियम विचारणे’ अशी असावी.

बिघडतं कुठे? समुपदेशक स्वतःच पर्याय सुचवू लागतो तिथे. ऐकणाऱ्याला ते बरं वाटतं, वेळही वाचतो, पण सत्रं संपल्यावर पद्धत त्याच्यासोबत निघून जाते. दुसरं, कृती फार मोठी ठरते. ‘रोज दहा अर्ज’ हा गृहपाठ तिसऱ्या दिवशी मोडतो आणि हरल्याच्या भावनेत भर घालतो. आठवड्याला तीन, नीट वाचून आणि बायोडेटा जुळवून पाठवलेले अर्ज, हे पुढे नेता येतं. तिसरं, गृहपाठ झाला नाही तर त्याची चौकशीच होत नाही. का झाला नाही, हे शोधणं हा या उपचाराचा निम्मा भाग आहे. बहुधा समस्या चुकीची मांडलेली असते किंवा पायरी फार उंच असते.

दिवसाला आकार देणं हा दुसरा धागा, आणि यावर आमचं मत ठाम आहे: जी सेवा पहिल्या दोन सत्रांत दिवसाचा तक्ता भरून घेत नाही, ती फक्त गप्पा मारते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावात गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा या सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे लोकांकडून वेळेचे तक्ते भरून घेतले. हातात अख्खा दिवस असूनही पुरुषांना तो कसा गेला हे सांगता येत नव्हतं. रस्त्यावरून चालण्याचा त्यांचा वेगही मंदावला होता. याहोदाने पुढे मांडलं, की पगाराखेरीज नोकरी आणखी पाच गोष्टी देते: वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संपर्क, सामायिक उद्दिष्ट, समाजातलं स्थान आणि नियमित हालचाल. पत्र हातात पडतं त्या दिवशी या पाचही एकदम जातात. नवी नोकरी लागेपर्यंत सगळ्या परत आणता येत नाहीत, पण पहिल्या दोन आणि शेवटची येते. उठण्याची वेळ ठरलेली, रविवारीही तीच. सकाळी दोन-तीन तास कामाचा शोध, त्यानंतर तो बंद म्हणजे बंद. रोज घराबाहेर पडण्याचं एक निमित्त, आणि रोज एका माणसाशी नोकरीखेरीज दुसऱ्या विषयावर बोलणं. शोधाला शेवटची वेळ का हवी? दिवसभर उघडं ठेवलेलं जाहिरातींचं पान शोध वाढवत नाही, तोच विचार पुन्हा पुन्हा उगाळायला साधन देतं.

झोपेवर सेवा सहसा ठीक काम करते, फक्त सल्ले अर्धवट दिले जातात. ‘झोपण्याआधी फोन नको’ एवढ्यावर भागत नाही. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात दुसरीकडे बसायचं, पेंग आली की परतायचं. अंथरूण हे जागं राहून काळजी करण्याची जागा बनलं, की ते मोडायला हाच मार्ग. घड्याळ मात्र बघत बसू नये, अंदाज पुरे. काळजीसाठी वेगळी वेळ ठेवावी: संध्याकाळी २० ते ३० मिनिटं, ठरलेल्या खुर्चीत, वहीसह. इतर वेळी काळजी आली तर एका ओळीत टिपून तिथवर ढकलायची. पहिले चार-पाच दिवस हे हास्यास्पद वाटतं आणि लोक सोडून देतात. समुपदेशकाने तसं आधीच बजावलेलं असावं. लिहिण्याचा आणखी एक उपयोग १९९४ च्या एका प्रयोगात दिसला. नोकरी गेलेल्या व्यावसायिकांपैकी ज्यांनी सलग पाच दिवस रोज २० मिनिटं त्या अनुभवाबद्दल, मनातल्या रागासकट, लिहिलं, ते इतरांच्या तुलनेत लवकर पुन्हा नोकरीला लागले. प्रयोग लहान होता, पण करून बघायला वही-पेनाहून जास्त काही लागत नाही. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही आणि जुन्या साहेबांना तर पाठवायचंच नाही.

घरी सांगणं हा विषय अनेक समुपदेशक टाळतात, तो खासगी म्हणून. टाळू नये. रोज ठरलेल्या वेळी बॅग घेऊन घराबाहेर पडणारी, संध्याकाळपर्यंत कुठेतरी वेळ काढणारी माणसं असतात, आणि लपवण्याचा ताण मूळ ताणाच्या वर चढतो. एका सत्रात वाक्यांची तालीम करून घ्यावी. दोन वाक्यं पुरतात: ‘कंपनीने आमचा विभाग बंद केला, त्यात माझीही जागा गेली. अमुक महिने पुरतील एवढी सोय आहे आणि मी शोध सुरू केलाय.’ पहिल्यात काय झालं, दुसऱ्यात पुढे काय. माफी कुठेच नको. मुलाखतीतही हीच दोन वाक्यं थोड्या फरकाने चालतात, त्यामुळे तालीम वाया जात नाही.

या सेवेतली मोठी उणीव नकारांच्या तयारीची. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९८० च्या दशकात बेकार झालेल्यांसाठी ‘जॉब्स’ नावाचा गट-कार्यक्रम उभा केला. पुढच्या आवृत्तीत पाच अर्धे दिवस आणि दोन प्रशिक्षक असा त्याचा आकृतिबंध ठरला. त्याचा कणा असा, की नकार येणार हे गृहीत धरून, तो आला की त्या दिवशी नेमकं काय करायचं, हे आधीच गटात बोलून, वठवून ठरवायचं. पुढे फिनलंडसह इतर देशांनीही तो घेतला. वैयक्तिक समुपदेशनात हा भाग आपणहून क्वचितच येतो. मागून घ्यावा. ‘तिसऱ्या फेरीनंतर नाही म्हणाले तर त्या संध्याकाळी काय, दुसऱ्या सकाळी काय, कुणाला फोन’ एवढं लिहून काढायला २० मिनिटं लागतात.

अपेक्षा किती ठेवावी? नोकरी ही सेवा मिळवून देत नाही. समायोजन विकारामुळे रजेवर असलेल्यांवरच्या अभ्यासांचा, वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१२ मध्ये आला. त्यात समस्या-निराकरण उपचाराने अंशतः कामावर परतण्याचा काळ सरासरी १७ दिवसांनी कमी झाला, पूर्णवेळ परतण्यात ठोस फरक दिसला नाही. आणि त्या लोकांना परतायला नोकरी होती. इथे तीच नाही. म्हणून यश मोजायचं ते झोपेचे तास, दिवसाचा तक्ता आणि प्रश्नावलीतल्या गुणांनी. चौथ्या सत्रात पीएचक्यू-९ पुन्हा भरावी. पाच गुणांची घट हा अर्थपूर्ण फरक मानला जातो. आकडा १० किंवा त्याहून जास्त असेल आणि जागचा हललेला नसेल, तर उरलेली सत्रं तशीच रेटण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी. समुपदेशक औषधं लिहून देऊ शकत नाही. समायोजन विकारात नैराश्यविरोधी गोळ्यांचा पुरावा तोकडाच आहे. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या लागल्याच तर डॉक्टरांच्या देखरेखीत, थोड्या दिवसांपुरत्या, कारण त्यांची सवय लागते.

याच पाकिटातल्या इतर वस्तूंबद्दल थोडक्यात. मूड टिपण्याचं ॲप झोपेच्या नोंदीपुरतं ठीक, बाकी सलग दिवसांची मालिका तुटली की उगाच अपराधी वाटायला लावतं. बायोडेटा लिहून देणारी सेवा उपयोगी, पण समुपदेशनाचा वेळ तिथे खर्च करू नये. समुपदेशकच बायोडेटा दुरुस्त करायला बसला तर दोन्ही कामं अर्धी होतात. सत्र संपेस्तोवर लहानपणाच्या आठवणींत रमणारा समुपदेशकही सहा सत्रांच्या हिशेबात बसत नाही, मग तो कितीही प्रेमळ असो. दर वेळी नवा माणूस जोडून देणाऱ्या सेवेला तर आम्ही साडेतीनही देणार नाही. पहिल्या फोनवर हेच विचारावं: शेवटपर्यंत एकच व्यक्ती असेल का, आणि तिचं शिक्षण, नोंदणी काय?

आता सहा सत्रांची वाटणी. पहिली दोन पहिल्या पंधरवड्यात, तिसरं आणि चौथं पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने. पाचवं मुद्दाम राखून ठेवावं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या घसरणीसाठी किंवा मनाला लागलेल्या पहिल्या मोठ्या नकारासाठी. मुदत आड येत असेल तर ते शेवटच्या तारखेच्या आठवड्यात घ्यावं आणि पुढचे तीन महिने कागदावर मांडून घ्यावेत. सहावं, शक्य झालं तर, नव्या नोकरीच्या चौथ्या आठवड्यासाठी. तेव्हा पगार सुरू झालेला असतो, घरचे निर्धास्त झालेले असतात, आणि साहेबांनी ‘पाच मिनिटं ये’ म्हटलं की छातीत अजूनही धडधडतं.